अनुभवाची जागा व्यासपीठावर नाही

(व्यसनमुक्ती क्षेत्रातील समुपदेशक आणि कार्यकर्त्यांच्या अधिवेशनातील अध्यक्षीय भाषण)



  

अध्यक्षानं क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो आधी पाळते. २०१९ साली केंद्र सरकारनं व्यसनांच्या देशव्यापी पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला. दिल्लीच्या ‘एम्स’नं ही पाहणी केली होती. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात आणि त्यातल्या ५.७ कोटींचं पिणं मदतीची गरज पडावी इतकं पुढं गेलेलं आहे, असं ती पाहणी सांगते. दारूवाचून ज्यांचं चालत नाही अशा ३८ जणांतल्या एकालाच काही ना काही मदत मिळते. दाखल होऊन उपचार घेणारा १८० जणांत एक. १५ ऑगस्ट २०२० ला नशामुक्त भारत अभियान सुरू झालं, १४४४६ ही हेल्पलाइन आली. आपल्या राज्यात फादर जो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याला कृपा फाउंडेशन सुरू केलं. गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, लाट आली तेव्हा, १९८६ साली, डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या पाठबळावर पुण्यात मुक्तांगण उभं केलं. आज तालुक्याच्या गावीही व्यसनमुक्ती केंद्राची पाटी दिसते. औषधं सुधारली. दारू एकदम तोडल्यावर येणारा कंप, झटके, भ्रम यांतून रुग्णाला सुखरूप बाहेर काढणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही.

आढावा इथंच थांबवते. मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे. बैठकांमध्ये, चर्चासत्रांमध्ये, विश्वस्तांसमोर मी ती वर्षानुवर्षं मांडत आले आणि दर वेळी ‘पुढच्या खेपेला घेऊ’ म्हणून ती बाजूला ठेवली गेली. माझी तक्रार अशी आहे की, आपण रुग्णाची गोष्ट त्याच्याकडून काढून घेतली. अर्धी फाइलीत घातली, अर्धी व्यासपीठावर चढवली. ज्या जागी ती सांगितली जायची आणि ऐकली जायची, ती जागा मात्र आपल्या केंद्रांतून नाहीशी होत चालली आहे.

ती जागा कोणती, हे एका प्रसंगानं सांगते. मी या कामात नवीन होते. खेड्यातल्या शाळेतले एक गुरुजी आमच्याकडे दाखल झाले. बायको आणि मेहुणा त्यांना केंद्रात आणून सोडून गेले होते. पहिले काही दिवस अंगाचा कंप जाण्यात गेले. मग मी रीतसर फॉर्म घेऊन समोर बसले. कधीपासून घेता? ‘सणासुदीला.’ किती घेता? ‘थोडी.’ घरी त्रास होतो का? ‘कोण म्हणतं?’ डॉक्टरांनाही हीच उत्तरं. गुरुजी अतिशय नम्र होते, हात जोडून बोलायचे आणि एक अक्षर खरं सांगायचे नाहीत.

त्या केंद्राचं स्वयंपाकघर एक जुना गिरणी कामगार बघायचा. तो आधी तिथंच रुग्ण होता. संध्याकाळी रुग्णांनी बसून त्याला भाजी निवडून द्यायची, अशी पद्धत होती. एकदा हजेरीचं रजिस्टर घेऊन मी तिकडं गेले. गवार निवडणं चाललं होतं. तो आपल्या नादात बोलत होता. म्हणाला, “मी चपटी पिठाच्या डब्यात खुपसून ठेवायचो. एक दिवस पोरीनं भाकरीला पीठ घ्यायला हात घातला आणि तिच्या हाताला बाटली लागली. तिनं ती बाहेर काढली, बघितली, परत आत ठेवली आणि वरनं पीठ सारखं केलं. मी दारातच उभा होतो. मला एक शब्द बोलली नाही.” कुणी काही म्हणालं नाही. गुरुजींच्या हातातली शेंग हातातच राहिली. थोड्या वेळानं ते म्हणाले, “माझी तुळशीच्या कुंडीत असायची. मातीत पुरलेली. बायको रोज सकाळी पाणी घालायची तिला.”

त्या रात्री गुरुजी बोलत राहिले. शाळेतून उचललेले पैसे, पोराच्या परीक्षेच्या दिवशी घातलेला गोंधळ, सासऱ्याच्या तेराव्याला पिऊन जाणं, सगळं बाहेर आलं. माझ्या फॉर्मवरच्या कुठल्याही प्रश्नानं ती तुळशीची कुंडी बाहेर आली नसती. कुणी त्यांना प्रश्नच विचारला नव्हता. एका माणसानं स्वतःबद्दलची एक लाजिरवाणी गोष्ट, काही मागण्यासाठी नव्हे, सहज सांगितली होती, एवढंच.

दारूत बुडालेल्या माणसाला समजावून सांगायला काही उरलेलं नसतं, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. यकृताचं काय होतं हे त्याला माहीत असतं, पोरांचं काय होतं हेही. बायको रोज सांगते, आई रडून सांगते, साहेब मेमो देऊन सांगतो. त्याची अडचण वेगळीच असते. आपण केलं तितकं नीच काम जगात दुसऱ्या कुणी केलेलं नाही, अशी त्याची पक्की समजूत असते. उपदेशानं ती समजूत आणखी घट्ट होते. समोरचा माणूस चांगला, आपण वाईट, मग बोलायचं कशाला? तितकंच वाईट केलेला माणूस समोर बसून, मान खाली न घालता ते सांगतो, तेव्हाच ती समजूत पहिल्यांदा हलते.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसचा जन्म याच अनुभवातून झाला. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर बाजारातला माणूस. त्याची दारू सुटून काही महिने झाले होते. त्या महिन्यांत त्यानं अनेक दारूड्यांना सुधारायचा प्रयत्न केला होता आणि एकही सुधारला नव्हता. मे १९३५ मध्ये धंद्याच्या कामासाठी तो ओहायोतल्या अॅक्रन गावी गेला. काम फिसकटलं, हातात पैसे नाहीत, हॉटेलात एका बाजूला बार. त्याला कळलं की आता दुसरा दारूडा भेटला नाही तर आपण पिणार. त्यानं चर्चच्या पाद्र्यांना फोन लावायला सुरुवात केली आणि अखेर डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाची गाठ पडली. डॉक्टरांची आदल्या दिवशीची उतरलेली नव्हती. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही, या अटीवर ते आले होते. ते सहा तासांहून अधिक बसले. बिलनं त्यांना उपदेश केला नाही, स्वतःचं सांगितलं. डॉक्टर असलेल्या बॉबना दारूविषयी माहिती द्यायची गरज नव्हती. आपल्यासारखंच भोगलेला माणूस आपल्याशी बोलतो आहे, हे मात्र त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. पुढच्याच महिन्यात, १० जूनला, त्यांनी शेवटचा घोट घेतला.

या घटनेतली एक बाब मला नेहमी अधिक महत्त्वाची वाटत आली आहे. फोन लावणारा बिल मदत करायला निघाला नव्हता, मदत मागायला निघाला होता. सांगण्याची गरज त्याला होती. ऐकणारा वाचला आणि सांगणाराही वाचला. १९३९ साली त्यांचं पुस्तक निघालं तेव्हा त्याचा मोठा भाग सभासदांच्या स्वतःच्या हकिकतींनी भरलेला होता. १९५७ साली ही चळवळ मुंबईत पोचली आणि तिथून शाळांच्या वर्गखोल्यांत, चर्चच्या मागच्या खोल्यांत, मंदिरांच्या सभामंडपांत मीटिंगा भरू लागल्या. मीटिंगमध्ये एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. मध्ये बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, पुढच्यानं फक्त स्वतःचं सांगायचं. नाव पुरतं, आडनाव लागत नाही. फी नाही.

पुराव्याशिवाय आमचा विश्वास बसत नाही असं म्हणणारे तरुण सहकारी इथं आहेत, त्यांचा आग्रह रास्त आहे. त्यांनी कॉक्रेन या वैद्यकीय संशोधनाची छाननी करणाऱ्या संस्थेचा २०२० चा आढावा वाचावा. २७ अभ्यास आणि १०,५६५ रुग्ण त्यात घेतले आहेत. दारू पूर्ण बंद राहण्याच्या बाबतीत, रुग्णाला पद्धतशीरपणे अशा मीटिंगकडे वळवणारे उपचार इतर प्रस्थापित मानसोपचारांपेक्षा सरस ठरले. कुणा श्रद्धाळूचं हे म्हणणं नाही, संशोधकांचं आहे.

आता आपण काय केलं ते सांगते.

आधी फाइल. नोंद हवी, मात्रा हवी, पूर्वेतिहास हवा, त्याला माझी हरकत नाही. पण दाखल झालेला माणूस एकच कहाणी डॉक्टरला सांगतो, मग मानसशास्त्रज्ञाला, मग समाजसेवकाला, मग शिकाऊ विद्यार्थिनीला आणि शेवटी तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याला. पाचव्या वेळी तो पाठ म्हणत असतो. या पाचही जणांनी त्याला स्वतःबद्दल अवाक्षर सांगितलेलं नसतं. कहाणी जिथं अडखळते, जिथं खरी गोष्ट दडलेली असते, तिथं आपण पुढच्या रकान्याकडं वळतो. त्याच्याकडून सगळं घेतलं जातं आणि तो जितका एकटा आला होता तितकाच एकटा परत कॉटवर जातो.

फाइलीपेक्षाही मला राग आहे तो व्यासपीठाचा. २६ जून आला, अमली पदार्थविरोधी दिन, की बरा झालेला माणूस शोधला जातो. कॉलेजात त्याला उभं करायचं, ‘आता आपल्यासमोर येत आहेत’ म्हणायचं, त्यानं आपली कहाणी सांगायची, मुलांनी टाळ्या वाजवायच्या, शाल-श्रीफळ, फोटो, दुसऱ्या दिवशी बातमी. देणगीदार आले की तोच माणूस. वर्धापनदिन आला की तोच माणूस. आता फोनवर त्याची चित्रफीतही फिरते.

मी एका केंद्रात असताना असा एक जण होता. केंद्राचं नाव घेत नाही. उमदा माणूस, बोलणं ओघवतं, दारू सुटून काही वर्षं झाली होती. त्याला सगळीकडून बोलावणी येऊ लागली. पहिल्यांदा तो बोलला तेव्हा अडखळत बोलला होता आणि ऐकणाऱ्या दोघा-चौघांनी नंतर त्याला गाठून आपल्या घरचं सांगितलं होतं. पुढं त्याची कहाणी गुळगुळीत झाली. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, हे त्याला कळू लागलं. जिथं टाळ्या पडत तो भाग वाढला, जिथं पडत नसत तो गळाला. संध्याकाळच्या मीटिंगला येणं त्यानं कमी केलं, कारण कार्यक्रम असायचे. त्याच्या मुलीच्या कॉलेजातही त्याचं भाषण झालं. ती मुलगी काही दिवस वर्गात गेली नाही, हे मला तिच्या आईनं सांगितलं. मी हे सगळं विश्वस्तांना लेखी दिलं. मला उत्तर मिळालं की संस्थेला चेहरा लागतो.

तो पुन्हा प्यायला लागला. पुन्हा पिणं ही आपल्या कामात अघटित गोष्ट नव्हे. दुसरा कुणी असता तर आठवड्याभरात खाली मान घालून परत आला असता आणि त्याला कुणी काही म्हटलं नसतं. हा येऊ शकला नाही. कोणत्या तोंडानं येणार? भिंतीवर त्याचा सत्काराचा फोटो होता. नवीन रुग्णांना त्याचं उदाहरण दिलं जात होतं. ज्या खोलीत कुणीही येऊन ‘मी काल प्यायलो’ म्हणू शकत होता, त्या खोलीचं दार आपण त्याच्याच तोंडावर बंद केलं होतं.

हे आपल्याच वाट्याला आलंय असं कुणी समजू नका. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात पिणाऱ्या सहा जणांनी दारू सोडायची शपथ घेतली आणि जॉर्ज वॉशिंग्टनच्या नावानं संघ काढला. दर आठवड्याला जमायचं आणि आपापला अनुभव सांगायचा, एवढाच कार्यक्रम. त्यांच्याकडं लोकांची रीघ लागली. २२ फेब्रुवारी १८४२ रोजी अब्राहम लिंकन यांनी स्प्रिंगफील्डमध्ये त्यांच्यासमोर भाषण केलं. पाद्री, वकील आणि पगारी प्रचारक यांना जे साधलं नाही ते कालपर्यंत पिणाऱ्या माणसाला साधतं, हा त्यांचा मुद्दा होता. मग सभा मोठ्या झाल्या, वक्ते नामांकित झाले, राजकारणी शिरले, न पिणारे पुढाऱ्याच्या खुर्चीत बसले. काही वर्षांत ही चळवळ ओसरली. त्या काळातला सर्वांत गाजलेला वक्ता जॉन गॉफ. पुस्तकबांधणी करणारा हा माणूस दारू सोडून व्याख्याता झाला होता. १८४५ मध्ये तो न्यूयॉर्कमध्ये पुन्हा दारूच्या नशेत सापडला आणि वर्तमानपत्रं त्याच्यावर तुटून पडली. मला सोड्यातून कुणीतरी काहीतरी पाजलं, असं त्याला जाहीर सांगावं लागलं. ते खरं होतं की खोटं, हा वाद मला घालायचा नाही. चार जणांत बसला असता तर घसरलो म्हणायला त्याला एक वाक्य पुरलं असतं. हजारोंसमोर उभ्या असलेल्या माणसाला ते वाक्य उच्चारता येत नाही. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसनं १९५० साली आपल्या बारा परंपरा स्वीकारल्या, तेव्हा हा इतिहास त्यांच्यासमोर होता. म्हणून त्यांनी नाव न सांगण्याचा नियम केला आणि वर्तमानपत्रांत चेहरा दाखवायला मनाई केली. आपण त्यांच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्या भिंतीवर लावल्या आणि परंपरा वाचल्याच नाहीत.

परंपरा बाजूला ठेवा, कायदा तरी वाचा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या दुरुपयोगाशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश आहे. त्याचं कलम २४ स्पष्ट सांगतं की, उपचार घेत असलेल्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना द्यायची नाही. संमती घेतली होती, असं आपण म्हणतो. ज्या संस्थेनं जीव वाचवला तिला हा माणूस नाही कसं म्हणेल? ती संमती मी संमती मानत नाही.

आता आपल्यातल्या काही वादांविषयी. सकाळच्या सत्रांत ते झडले, दुपारीही झडतील. मला त्यांवर व्याख्यान द्यायचं नाही, पाहिलेलं सांगते.

पहिला वाद पदवी आणि अनुभव यांचा. समुपदेशक कोण असावा, एम.एस.डब्ल्यू. झालेला की स्वतः व्यसनातून बाहेर आलेला? फादर जो परेरा स्वतः त्यातून गेलेले आहेत आणि हे त्यांनी कधी लपवलं नाही. दुसरीकडं डॉ. अनिता अवचट मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि त्यांच्या हातून किती घरं उभी राहिली हे महाराष्ट्राला माहीत आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना उदाहरणं आहेत. मी पाहिलेलं असं. आमच्याकडे नुकतीच पदवी घेतलेली एक मुलगी रुजू झाली. एसटीचे एक ड्रायव्हर तिला रोज म्हणायचे, “ताई, तुम्ही कधी थेंब घेतला नाही, तुम्हाला काय कळणार?” एक दिवस ती शांतपणे म्हणाली, “काका, मी घेतली नाही. माझे वडील घ्यायचे. मी दुसरीत असताना बारच्या बाहेर स्कूटरवर बसून असायची, किल्ली माझ्या फ्रॉकच्या खिशात असायची, म्हणजे ते मला सोडून जाणार नाहीत असं मला वाटायचं.” एवढंच बोलून ती थांबली. ड्रायव्हर काका खूप वेळ गप्प होते. मग त्यांनी आपल्या मुलीचं नाव सांगितलं. दाखल होऊन इतके दिवस झाले होते, त्यांना मुलगी आहे हे आम्हाला त्या दिवशी कळलं. पदवी त्या मुलीच्या उपयोगी पडली नाही असं मी म्हणत नाही. कुठं थांबायचं हे तिला पदवीनंच शिकवलं होतं. पण दार उघडलं ते किल्लीच्या गोष्टीनं. म्हणून माझं मत असं की पिणाऱ्याचा अनुभव असो की पिणाऱ्याच्या घरचा, समुपदेशकानं स्वतःचं काहीतरी त्या खोलीत घेऊन गेलं पाहिजे. समोरचा बोलू लागेल इतकंच सांगावं आणि मग गप्प बसावं.

दुसरा वाद असा की, पुन्हा प्यायला लागलेल्याचा अनुभव नवीन रुग्णांसमोर यावा का? त्यांचा धीर खचतो असं अनेकांचं म्हणणं आहे. माझा अनुभव उलटा आहे. एक गवंडी काही वर्षं दारूपासून दूर राहून पुन्हा घसरला आणि परत दाखल झाला. मीटिंगमध्ये त्यानं आपण कसे घसरलो ते बारीकसारीक तपशिलानं सांगितलं. मजुरीचे पैसे मिळालेला शनिवार, लग्नाची वरात, मित्रानं हातात दिलेला ग्लास, पहिल्या घोटानंतर आलेलं रडू. त्याच्या शेजारी आदल्याच दिवशी आलेला एक पोरगा बसला होता, सकाळपासून डिस्चार्ज मागत होता. तो थांबला. पुढं का थांबलास असं विचारल्यावर म्हणाला, “पडलं तरी इथं परत येता येतं हे कळलं ना.” यशाच्या कहाण्यांनी त्याला थांबवलं नव्हतं.

तिसरा वाद ऑनलाइन मीटिंगांचा. २०२० च्या टाळेबंदीत त्या सर्वदूर पसरल्या आणि त्यांनी अनेकांना तगवलं. दूर खेड्यात, जहाजावर, आखातात असलेल्या आपल्या माणसांना त्या लाभल्या. त्या राहाव्यात. फक्त रेकॉर्डिंगचं बटण कुणी दाबू नये, एवढंच.

बायकांबद्दल बोलल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अॅनॉन १९५१ साली सुरू झालं, कारण मीटिंगला आलेल्या नवऱ्यांच्या बायका बाहेर थांबून एकमेकींशी बोलत असत. आपल्याकडं बाईला समुपदेशनाच्या नावाखाली सूचना मिळतात, पैसे हातात देऊ नका, टोचून बोलू नका, गोळ्या वेळेवर द्या. तिला ऐकणारं कुणी नसतं. मी एका गावात पाहिलं आहे. तिथल्या बायकांना दारूचं दुकान बंद करण्यासाठी मतदान मागायचं होतं, आडवी बाटली करायची होती. पहिल्या बैठकीत भाषणं झाली, हात चारच वर गेले. मग एका म्हातारीच्या ओसरीवर बायका परत जमल्या, तिथं माईक नव्हता. एक बाई म्हणाली, “मी त्याच्या बाटलीत पाणी घालते.” दुसरी म्हणाली, “मीच आणून देते, निदान रस्त्यात पडत नाही.” तिसरी म्हणाली, “मी रात्री पोरांना घेऊन गोठ्यात झोपते.” एकाच आळीतल्या त्या बायका. प्रत्येकीला वाटत होतं की शेजारणीला आपल्या घरातलं ठाऊक नाही. त्या संध्याकाळनंतर मतदानाच्या मागणीसाठी सह्या गोळा करायला कुणाच्या मागं लागावं लागलं नाही.

अनुभव सांगण्या-ऐकण्याची ही रीत परकी आहे असं म्हणणाऱ्यांना मी गाडगेबाबांची आठवण करून देईन. त्यांच्या वडिलांचा, झिंगराजींचा, घात दारूनं केला. पुढं मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाच्या पंगतीची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं. दारूविरुद्ध ते बोलले ते अशा घरचा अनुभव घेऊन. त्यांच्या कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोक उत्तर द्यायचे. एकटा बोलतो आणि बाकीचे टाळ्या वाजवतात असा तो प्रकार नव्हता.

तेव्हा या अधिवेशनापुढं मी काही कामं ठेवते. दाखल रुग्णांच्या प्रत्येक केंद्रात रोज एक तास अनुभवाची बैठक असावी, तिथं वही-पेन नेऊ नये आणि कर्मचाऱ्यांनीही आपली पाळी आली की बोलावं. बरा झालेला माणूस जाहीर कार्यक्रमात उभा करण्याबाबत आपण एक आचारसंहिता करावी. तिचा मसुदा कुणी करायचा ते कार्यकारिणीनं बघावं. घरच्या माणसांच्या वेगळ्या मीटिंगा सुरू व्हाव्यात. बैठक कशी चालवायची याची एक छोटी पुस्तिका निघावी. ती प्रमाण मराठीत असावीच, शिवाय वऱ्हाडी, अहिराणी, मालवणीतही असावी, कारण लाजेच्या गोष्टी माणूस घरच्या बोलीत सांगतो. हे सगळं कसं आणि केव्हा होईल, याचा तपशील माझ्याकडं आज नाही. दुपारच्या सत्रात त्यावर बोलणं व्हावं.

इमारतीसाठी, अनुदानासाठी, मान्यतेसाठी आपण भांडतो आणि भांडलंच पाहिजे. पण बंद दार, बंद वही आणि समोरासमोर बसलेली दहा माणसं यासाठी कुठल्याही खात्याची परवानगी लागत नाही. ज्या केंद्रात हे घडत नाही, तिथं दारू उतरवली जाते, माणूस बरा होत नाही, असं माझं ठाम मत आहे. हे कुणाला लागलं असेल तर लागू द्या. ज्यांना ते खोडून काढायचं असेल त्यांनी आकडे घेऊन यावं, अनुभव घेऊन यावं. मी दोन्ही दिवस इथंच आहे.